रिकाम्या कोनाड्यापुढे

माझ्या बहिणीने देव चोरले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच शंका धरून बसायला नको. आमच्या वाडीने पाच वर्षं शंका धरली, तेवढी पुरे झाली.

भिवरा माझी थोरली बहीण, माझी आक्का. मी केवळा. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली. ती थोरल्या रायभानला दिली, मी धाकट्या बिरूला. सासू बानूबाई, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. एक नणंद होती, तिचं लग्न व्हायचं होतं. बाकी मेंढरं. राणीसावरगावच्या वरच्या अंगाला माळावर आमची वाडी, सगळी मेंढकी घरं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून थेट वालूर-सेलूच्या काळ्या रानात. तिथले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही परत.

या फिरतीवर घरचे देव कुणी नेत नसे. बिरोबाचे आणि घरातल्या मेलेल्या माणसांचे चांदीचे टाक घोंगडीच्या तुकड्यात बांधायचे आणि बिरोबाच्या देवळामागच्या खोलीत ठेवून जायचं. तिला आम्ही ठेवीची खोली म्हणायचो. तिला खिडकी नव्हती. आत दिवा न्यायचा नाही, एका वेळी एकाच माणसाने जायचं, आणि तेही घरातल्या थोरल्या सुनेने. छातीइतक्या उंचीवर भिंतींना कोनाड्यांची एकच लांब रांग होती. दाराच्या उजव्या हाताला सुरू व्हायची आणि खोलीला वळसा घालून डाव्या हाताला संपायची.

कोणाचं गाठोडं कोणत्या कोनाड्यात, याचं कुठे काही लिहिलेलं नव्हतं, आणि लागतही नव्हतं. ज्या तिथीला तुमच्या घरी पित्तर घालतात, त्या तिथीचा कोनाडा तुमचा. तिथी कोण विसरतं? प्रत्येक तिथीच्या कोनाड्याखाली दगडात खाचा होत्या, त्या बोटांना लागायच्या. सरळ तिथे जायचं, कोनाडा मोकळा असेल तर गाठोडं ठेवायचं. दुसऱ्या कुणाचं असेल तर पुढचा, तोही भरला असेल तर त्याच्या पुढचा. काढतानाही तसंच. आपल्या तिथीपासून निघायचं आणि गाठोड्याला बांधलेला चामड्याचा तुकडा चाचपत जायचं. मेंढरांच्या कानाला प्रत्येक घराची वेगळी कातर असते, तीच त्या तुकड्याला असायची. आपली कातर लागली की गाठोडं उचलायचं आणि त्या जागी एक खडा ठेवायचा. खडा म्हणजे इथे कुणीतरी होतं, पुढे बघ. आणि हात जर साफ रिकाम्या कोनाड्यात गेला, खडासुद्धा नसला, तर तिथेच थांबायचं, हात जोडायचे आणि बाहेर यायचं. आपली ठेव तिथे नाही. रिकाम्याच्या पुढे हात नेणं म्हणजे दुसऱ्याच्या देवाला हात घालणं. असं पाप आमच्या वाडीत कुणी केलं नव्हतं.

आमच्या घरची तिथी सर्वपित्री अमावस्या. मेंढक्यांपैकी पुष्कळांची तीच. माणूस रानात, वाटेवर मरतो. कोणत्या तिथीला मेला हे कोण ध्यानात ठेवणार? मग त्याला अमावस्येला जेवू घालायचं. त्यामुळे अमावस्येच्या कोनाड्याशी कायम गर्दी. त्यातून तो रांगेतला शेवटचा, दाराच्या डाव्या हाताचा. तो भरला की दार ओलांडून पुन्हा उजवीकडच्या पहिल्या कोनाड्यापासून सुरुवात करायची.

रझाकारांच्या साली या खोलीची रया गेली. भीतीने निम्म्या घरांनी रातोरात आपले देव काढून नेले आणि जागोजागी खडे ठेवून ती घरं सरहद्दीपलीकडे निघून गेली. पुढे निजामाचं राज्य गेलं, पोलिस अ‍ॅक्शन झाली, काही घरं परत आली. काही आलीच नाहीत. खड्यावर दुसऱ्याची ठेव ठेवायची नाही असा रिवाज; जागेचा धनी कधीतरी येईल म्हणून. त्यामुळे खोलीत गेलं की हाताला खडा, पुन्हा खडा, पुन्हा खडा. निघायच्या दिवशी बायकांची रांग लागायची, एकेक बाई आत गेली की बाहेर यायचं नावच नाही. बाहेर मेंढरं ओरडायची, पुरुष ओरडायचे, आणि दारात बसलेले येडबा मामा सगळ्यांना गप करायचे.

येडबा मामा त्या खोलीचे राखणदार. यावर त्यांच्याजवळ उपाय होता, पूर्वीपासून चालत आलेला. त्याला मांड म्हणत. सगळी गाठोडी देवळाच्या ओट्यावर आणायची, खडे काढून टाकायचे, आणि मग एकेक घर बोलावून प्रत्येकाची ठेव त्याच्या तिथीपासून नव्याने लावायची. पण मांड करताना एकूणएक घर हजर पाहिजे. आणि येडबा मामा न आलेल्या घरांची वाट बघत होते. "येतील की," म्हणायचे. "जित्राबं हायत त्यांची इकडं." जित्राबं कधीच विकली गेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग त्यांचा पुतण्या भुजंग आला. सेलूच्या कापसाच्या जिनात काम करून आलेला, पायात चपला, बोलायला चटपटीत. मामांचे गुडघे गेले होते म्हणून मदतीला राहिला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना सांगितलं, "ह्या दिसांत अशी रांग लावत्यात का? तुमी बिनघोर जा मेंढरं घेऊन. चैतात मी मांड करतो. माघारी याल तवा आत हात घातला की ठेव हातात."

म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग तयार झाले. सगळ्यांनाच घाई होती.

त्या दिवाळीनंतर आक्का ठेव ठेवायला आत गेली ती बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "हात दुखला गं. दार वलांडून लय पुढं जावं लागलं." आम्ही हसलो आणि मेंढरांमागे चालू लागलो. आमचं ते शेवटचं हसणं होतं असं काही नाही, पुढे रानातही आम्ही पुष्कळ हसलो. वालूरच्या किशनरावांच्या रानात मेंढरं बसवली होती, ज्वारी चांगली मिळाली, नणंदेचं लग्न ठरलं. फार चांगलं वर्ष होतं ते.

जेठात परत आलो. खोलीपुढे रांग नव्हतीच. बायका आत जायच्या आणि लगेच गाठोडं घेऊन बाहेर यायच्या. सगळा गाव भुजंगाची तारीफ करायला लागला होता. कुणीतरी त्याला फेटाही बांधला. तो फेटा घालून तो येडबा मामांच्या शेजारी, दारात, नवरदेवासारखा बसला होता.

आक्का आत गेली आणि तीही लगेच बाहेर आली. हात रिकामे होते.

"न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई म्हंजे?" आत्याबाईंनी विचारलं.

"अमावशाच्या कोनाड्यात दुसऱ्याची ठेव हाय. दार वलांडून पयला कोनाडा बगितला. साफ रिकामा. खडा बी न्हाई."

ती दुसऱ्यांदा आत गेली. पुन्हा तेच. मी म्हणाले, "दिवाळीत ती लय लांब ठेवून आली व्हती. मला सांगितलं व्हतं तिनं."

भुजंग जागचा हलला नाही. "तवाची गोष्ट तवा," म्हणाला. "मी मांड केली न्हवं? लांबचं समदं जवळ आणलंय. येकयेक गाठोडं ह्या हातानं भाईर काढलं आन् लावलं. तुमच्या कातरीचं गाठोडं त्यात नव्हतंच, वैनी."

"नव्हतं?" आक्काने विचारलं.

"नव्हतं. बिरोबाची आन."

बिरोबाची आन घेतल्यावर पुढे बोलायला कुणाला जागा राहिली नाही. येडबा मामा मान खाली घालून बसले. आत्याबाईंनी आक्काचा पदर धरला. त्यांच्या नवऱ्याचा, माझ्या सासऱ्यांचा टाक त्या गाठोड्यात होता. "माझा धनी व्हता गं त्यात," एवढंच त्या म्हणत राहिल्या. "कुटं घातलास माझा धनी?"

मी आक्काला एका बाजूला ओढलं. "पुन्यांदा आत जा. रिकाम्याच्या पुढं हात घाल. कोण बगायलंय? समदी रांग चाचप."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही आता थोबाडीत देते. "दुसऱ्याच्या देवाला हात लावू? मंग तर मी खरीच चोर ठरंन." ती तिथीचा, खड्यांचा, रिकाम्या कोनाड्याचा नेम जिवापाड पाळणारी बाई. त्या नेमानेच तिला खाल्लं, असं मला आज वाटतं आणि चीड येते. मग मी स्वतः जायला निघाले, तर म्हाताऱ्यांनी मला दारातच धरलं. धाकट्या सुनेला आत मज्जाव. मी खूप शिव्या दिल्या, भुजंगाला, म्हाताऱ्यांना, आणि हो, बिरोबालाही. त्याचा उपयोग इतकाच झाला की दोघी बहिणी एकाच माळेचे मणी असं लोक म्हणायला लागले. आमच्या भावाचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. टाक मोडून भावाला चांदी पोचवली, ही गोष्ट कुणी पहिल्यांदा काढली कोण जाणे, पण पंधरा दिवसांत वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा ते बोलत होतं.

रायभान काही बोलला नाही. बायकोला मारलं नाही, हाकललं नाही, आणि तिची बाजूही घेतली नाही. सकाळी मेंढरं सोडायचा, संध्याकाळी कोंडायचा.

खरी अडचण नणंदेच्या लग्नाची झाली. देवाच्या टाकांपुढे हळद लागल्याशिवाय आमच्यात लग्न होत नाही. नवे टाक घडवता येतात, पण जुने कुठेतरी बसलेले असताना नवे घडवले तर दोन्ही कोपतात. म्हणून कुणीतरी बिरोबापुढे उभं राहून सांगावं लागतं की जुने गेले, माझ्या हातून गेले. त्याला कबुली म्हणतात. मुलाकडच्यांनी निरोपावर निरोप धाडले. नणंद कोपऱ्यात बसून रडायची. आत्याबाई जेवायच्या नाहीत.

एका सकाळी आक्काने डोक्यावरून पाणी घेतलं, देवळात गेली आणि चारचौघांसमोर म्हणाली, "गेले. माझ्या हातून गेले. मीच नेले."

मी धावत गेले तोवर सगळं झालं होतं. घरी आल्यावर मी तिला अक्षरशः गदागदा हलवलं. "खोटं का बोललीस, आक्का?"

"पोरीचं लगीन हुईल," ती म्हणाली. "आन् केवळे, खरं सांगू का? मला आता नीट आठवंना झालंय. ठेवलं असंल तर असायला पायजे न्हवं तिथं?"

लोकांनी तिच्यावर शंका घेतली होती ते मी समजू शकत होते. ती स्वतःवर घ्यायला लागली होती.

कबुली दिलेल्या बाईने त्या घरातल्या देवांकडे बघायचं नसतं, आणि देव नाहीत अशी एकही भिंत घरात नसते. सोनाराकडून नवे टाक आले त्या दिवशी ती सेलूला निघून गेली. नणंदेचं लग्न थाटात झालं. मी त्या मांडवात सगळ्यांना वाढलं. काय करणार, त्याच घरात नांदायचं होतं मला.

आक्का जिनात कापसातला कचरा वेचायच्या कामाला लागली. आम्ही मेंढरं घेऊन सेलूकडे गेलो की मी तिला भेटायला जायची. पहिल्या वर्षी ती खूप बोलायची. नंतर नंतर नुसती ऐकायची. एकदा तिच्या शेजारणीने मला सांगितलं की ही जिनातल्या देवाच्या पूजेलाही येत नाही, विचारलं तर म्हणते, मी देव चोरलेत. रायभानने दुसरी केली नाही. त्याबद्दल त्याला मोठेपणा द्यायला मी तयार नाही. दुसरी करायलाही थोडी धमक लागते.

येडबा मामा वारले. भुजंग राखणदार झाला. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ठेवीच्या खोलीचं धाबं खचलं आणि वरची माती, लाकडं एका बाजूला कोसळली. सगळे पुरुष माती उपसायला धावले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत ऊन पडलं, आणि पहिल्यांदा सगळ्यांनी तिची रांग डोळ्यांनी पाहिली.

अमावस्येच्या कोनाड्यात एक गाठोडं. दार ओलांडल्यावर चार कोनाडे रिकामे. पाचव्यात आमचं गाठोडं, धुळीने भरलेलं, आमच्या कातरीचं.

कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तशी आणखी दोन-तीन बिचारी गाठोडी मधेच बसली होती, देव न काढताच निघून गेलेल्या घरांची. मांड झालीच नव्हती. बिरूने भुजंगाची मान धरली तेव्हा तो भडाभडा बोलला. "येवढी गाठोडी येकल्यानं कवा भाईर काढू आन् कवा लावू? खड्यांमुळंच येळ लागायलाय, म्हणून दर साली नुसते खडे काढले. काम तर झालं न्हवं? समद्यांला झटकन सापडायलंच की!"

"आन् आन घेतलीस ती?" मी विचारलं.

तो बिरूच्या हातातून मान सोडवायला लागला. खडे काढल्यावर रिकाम्या जागेपाशी थांबणाऱ्या माणसाचं काय होईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्याच्या डोक्यावर फेटा होता.

आम्ही तिघं सेलूला गेलो. मी, रायभान आणि आत्याबाई. आत्याबाईंना चालवत नव्हतं तरी त्या आल्या, गाठोडं मांडीवरून कुणाला घेऊ देत नव्हत्या. भुजंगाला साक्षीला चल म्हटलं होतं, पण त्याचा ऐन वेळी पाय दुखायला लागला. वाटभर मी एकच ठरवत होते, आक्काला आधी काय सांगायचं. मला वाटत होतं, ती रडेल, मग आमच्यावर चिडेल, मग येईल.

जिनाच्या आवारात दुपारच्या सुट्टीत ती भाकरी खायला बसली होती. केसांत, भुवयांत कापूस. मी सगळं सांगितलं. धाबं, ऊन, पाचवा कोनाडा, भुजंगाने काढलेले खडे. ती शांतपणे ऐकत होती. आत्याबाईंनी गाठोडं बाजूला ठेवून तिचे पाय धरले.

तिने चटकन पाय मागे घेतले आणि त्यांना उठवून बसवलं. "नका, आत्याबाई. तुमी लय चांगल्या हायत. लय लांबून आलात."

"तुझं कायबी चुकलं न्हाई, भिवरे," आत्याबाई रडत म्हणाल्या. "घरी चल."

रायभान प्रथमच बोलला. "चल."

आक्काने गाठोड्याकडे पाहिलं. मी ते तिच्या हातात दिलं, सोडून बघ म्हणाले. तिने सोडलं नाही. डोळे मिटले आणि त्या अंधाऱ्या खोलीत चाचपावं तसं आधी चामड्याच्या तुकड्यावरून, मग गाठीवरून बोटं फिरवली. पुष्कळ वेळ फिरवली.

"माझ्यासारखीच गाठ हाय," ती म्हणाली.

"तुझीच हाय, आक्का! तूच बांधलेली!"

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. किती मायेने हसली ते मला सांगता येत नाही. "आपल्या आयची गाठ. तुलाबी येतीच की गं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडले. "मी न्हाई बांधली! आक्का, तुझ्या गळ्याची शपथ, मी न्हाई बांधली!"

"गप," ती म्हणाली. "रिकामा कोनाडा म्या सोता चाचपला, दोनदा. रिकाम्याच्या पुढं ठेव नसती, केवळे. भुजंगानं बिरोबाची आन घेतली व्हती. खोटी आन कोण घेतंय? आन् खडे कुणी काढतंय व्हय? खडे काढले तर मानसानं ठेव शोधावी कशी?"

हेच तर मी तिला सांगत होते. पुन्हा सांगितलं, रायभाननेही सांगितलं, आत्याबाई छाती बडवत सांगत होत्या. ती प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होती, आजारी माणसाचं ऐकावं तशी. मग जिनाचा भोंगा झाला. तिने उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि गाठोडं उचलून माझ्या ओटीत ठेवलं.

पदराने तिने माझे डोळे पुसले आणि माझ्या कानाशी तोंड आणलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"माझ्यापायी देवाचं खोटं केलंस. लय मोठं मन हाय तुझं. भिऊ नको, मी कुणाला सांगणार न्हाई."